तोंड उत्तरेलाच आहे

अल्तानबुलाग, सरहद्दीच्या अलीकडे
(अलीकडे म्हणजे अगदी फाटकाच्या अलीकडे. हसू नका.)

तीर्थरूप बाबांना,

खालियुनचा वाकून नमस्कार. उन्हाळा सुखाचा चाललाय ना? मेंढ्यांच्या शेपट्या चरबीनं भरल्या का? कुरणात गवत गुडघ्याएवढं झालं का? करड्या घोडीचा लंगडा पाय कसा आहे, आणि तुमचा? (आधी जनावरांची चौकशी, मग माणसांची, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून घोडीचा पाय आधी आला. रागावू नका.) इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत. इतगेलला खालचा दुसरा दात आला आणि तो त्यानं सर्वांत आधी त्याच्या बापाच्या कानावर वापरून पाहिला.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण आपल्याकडे रेंज फक्त खांबाच्या टोकाला येते, म्हणून आईनं फोन मोज्यात घालून तिथं टांगलाय. माझा आवाज आला की तुम्ही "रेंज नाही" म्हणता आणि मोजा पुन्हा वर चढवता. बाबा, रेंज नाही हे सांगायलासुद्धा रेंज लागते. म्हणून हे पत्र बाल्दान ट्रकवाल्याच्या हाती देतेय. तो लोकर भरायला तुमच्याकडेच निघालाय. चष्मा सापडत नाही अशी सबब सांगून तुम्ही ते आईला मोठ्यानं वाचायला लावाल, हे मला ठाऊक आहे. (आई, कंसातलंही वाच. मागच्या वेळी गाळलंस.)

तर सर्वांत आधी हे ऐका, की आम्ही मागे फिरलेलो नाही. निघताना तुम्ही काय म्हणाला होतात? "ओरखोनच्या पुलावरून परत याल." नाही आलो. आणि कुणी आम्ही परत फिरताना दिसल्याचं सांगितलं असेल तर तो माणूस खोटारडा आहे, किंवा त्याला पुढचं आणि मागचं कळत नाही. त्याबद्दल खाली सविस्तर येईलच.

तुमचं म्हणणं, वर्षाच्या आतल्या मुलानं परमुलखाचं पाणी प्यायलं की त्याचं पोटही फिरतं आणि नशीबही. सांबू म्हणाला, पाणी उकळून घेऊ. त्यावर तुम्ही म्हणालात, "नशीब उकळता येतं का रे, मास्तर?" जावयाला असं बोलायचं असतं का? बिचारा एर्देनेतच्या शाळेत गणित शिकवतो, तिथंही पोरं त्याला असंच बोलतात, निदान सासरी तरी मान मिळावा! मग म्हणालात, गाडी जपानची, स्टिअरिंग उजवीकडं, आपल्याकडं चालायचंही उजवीकडूनच, म्हणजे ड्रायव्हरला समोरचं दिसायच्या आधी कडेचा खड्डा दिसतो. मग म्हणालात, दिवस वाईट. म्हणून आम्ही लामांकडे गेलो. त्यांनी पंचांग उघडलं, बोट फिरवलं आणि सांगितलं, दिवस उत्तम आहे, फक्त निघायचं दक्षिणेकडे. आम्हाला जायचं होतं उत्तरेला, रशियात, थेट बैकालपर्यंत. पण तुमच्या हाती आणखी एक सबब द्यायची नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून म्हटलं, दक्षिण तर दक्षिण.

सामान लावायचा नकाशा सांबूनं चौकडीच्या कागदावर काढला होता. नकाशात सगळं बसलं, बाबागाडी सोडून. ती पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी, ठेवू या असं तो म्हणाला. मी म्हटलं, ती सीट रिकामी राहील. तो म्हणाला, का? मी म्हटलं, का म्हणजे का, मी सांगते म्हणून. (हा आवाज मला कुणाकडून आला ते आईला विचारा.) मग त्यानं डिकीतून काहीतरी काढलं, बाबागाडी आत कोंबली आणि त्यानं काय काढलं ते मी बघितलं नाही. ही माझी चूक. बाकीच्या सगळ्या चुका त्याच्या.

निघताना आईनं नऊ खळग्यांच्या चमच्यानं चाकांवर दूध शिंपडलं. भरल्या डोळ्यांनी शिंपडत होती, त्यामुळे निम्मं काचेवर आलं, आणि सांबूनं वायपर चालू केल्यावर समोर नुसती साय झाली. इतगेलच्या कपाळाला तिनं चुलीतल्या काजळीची तीट लावली, ती त्यानं ताबडतोब दोन्ही गालांना वाटून दिली. आणि तुम्ही? आमच्याकडे पाठ करून एडक्याचे दात तपासत उभे होतात. त्या एडक्याला काही झालेलं नव्हतं. आणि दात तपासायला तुम्ही चांगला निळा देल घातला होता, वर चांदीच्या बकलाचा पट्टा. नादामच्या जत्रेला घालता तो. एका एडक्यासाठी! मी काही विचारलं नाही, तुम्ही काही सांगितलं नाही. आपल्या घरात असंच चालतं.

दक्षिणेकडे निघालो, टेकडीला वळसा घातला आणि मग उत्तर धरली. त्यामुळे थोड्याच वेळात पुन्हा आपल्याच गेरच्या तंबूमागून, ओढ्यापलीकडून, जावं लागलं. आणि तिथून मला दिसलं की गेरला टेकून आमचंच जादा चाक उभं आहे.

सांबूनं ब्रेक दाबला. "पन्नास पावलंही नाहीत," तो म्हणाला. "उडी मारतो नि घेऊन येतो."

"एकदा निघालेला माणूस मागे फिरत नाही."

"मागे कुठाय? बाजूला आहे!"

"बाबा बघतायत," मी म्हटलं.

बघतच होतात. दुर्बीण चमकली उन्हात. तुम्ही आमच्याकडे बघितलंत, चाकाकडे बघितलंत, पुन्हा आमच्याकडे बघितलंत, आणि बाबा, मी डोळ्यांनी पाहिलं, तुम्ही सावकाश त्या चाकावर बसलात! दुर्बीण तशीच डोळ्याला! सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते काय उगाच? मी सांबूला म्हटलं, गाडी काढ. तो आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडला, "तुम्ही बापलेक एकमेकांना धडा शिकवणार आणि पंक्चर माझं होणार!"

त्याचं पंक्चर ओरखोन ओलांडल्यावर झालं. हो, झालं. पुलाच्या पुढे झालं, हे लक्षात घ्या. आजूबाजूला माणूस नाही, एक गाय होती. इतगेलला भूक लागली, म्हणून सायीचा डबा काढला. तो डबा तुम्ही बंद केला होता, बाबा. तुम्ही बंद केलेलं झाकण या पृथ्वीवर कुणाला उघडलंय का? दुधाच्या कॅनचं, लोण्याच्या बरणीचं, तेलाच्या बुधल्याचं, सगळ्यांची तीच गत. आई निम्मं आयुष्य शेजाऱ्यांना हाका मारण्यात घालवतेय. मी प्रयत्न केला, सांबूनं केला, त्यानं पान्हा लावला, पान्ह्याचे दात झिजले. शेवटी एक गव्हाचा ट्रक थांबला. ड्रायव्हरनं झाकण ट्रकच्या दारात धरून दार मिटलं, तेव्हा कुठे ते हललं. म्हणाला, "हे कुणी लावलंय?" मी म्हटलं, "वडिलांनी." तो म्हणाला, "देव तुम्हाला बळ देवो." त्यानंच मग चाक काढून दारखानच्या पंक्चरवाल्यापर्यंत नेलं आणि आणलं. संध्याकाळ झाली, पण फिरलो नाही. इतगेल तोवर गायीकडे बघत उकडलेली शेपटीची चरबी चोखत होता. (शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी चरबी देऊ नका म्हणून बजावलंय. दिली कुणी, ते डॉक्टरीणबाईंना मी सांगितलेलं नाही. जिवावर उदार होऊन तुम्हाला वाचवतेय.)

आता ज्या गोष्टीवर आपण दोघंही बोलत नाही ती मी लिहितेच. समोर असता तर तुम्ही उठून घोडे बघायला गेला असता. पत्रातून उठून जाता येत नाही.

आम्ही बैकाल बघायला चाललेलो नाही. तळं काय, पाणीच आहे. आम्ही दोल्गोर आत्याकडे चाललोय, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तिचा निरोप आला तेव्हा तुम्ही चुलीत वाळलं शेण घालत होतात आणि चूल गच्च भरली तरी घालत राहिलात. तिला आता दिसत नाही. छाती कफानं भरते, यंदाचा हिवाळा निघेल असं तिथले डॉक्टर म्हणत नाहीत. तिनं एवढंच कळवलंय, "पोराचं डोकं एकदा हुंगू दे. डोळे गेले, नाक शाबूत आहे, पण त्याचाही भरवसा थंडीपर्यंतच." जिनं तुम्हाला पाठीवर बांधून मेंढ्या वळल्या, ती बाई आहे ही. तुम्ही लहानपणी कुणाच्या पाठीवर झोपलात हे मला तुम्हीच सांगितलंय, एकदाच, एरागचा तिसरा वाडगा चढल्यावर.

आजी गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. आत्या पलीकडे दिलेली, तेव्हा परवान्याला महिने लागत. ती पोचेपर्यंत आजीच्या सुतकाचे एकोणपन्नास दिवस उलटून गेले होते. ती दारातून आत आली, खाली बसली, आणि तुम्ही रीतीप्रमाणे छातीतून तपकिरीची कुपी काढून तिच्यापुढे धरलीत. मी तुमच्या मांडीशी होते, मला दिसलं. मोठ्या बहिणीला कुपी द्यायची ती बूच सैल करून, हे शेळ्या राखणाऱ्या पोरालाही कळतं. तुमचं बूच गच्च होतं. आत्यानं कुपी घेतली, बुचावरून बोट फिरवलं, नाकाशी नेली, परत दिली आणि चहाही न घेता त्याच दिवशी निघाली. शिवी दिली असती तर भांडण झालं असतं आणि मिटलंही असतं. तुम्ही रीत पाळून अपमान केलात, त्याला उत्तर कसं द्यायचं?

असो. सरहद्दीवर आलो. इथली तऱ्हा अशी, की चालत कुणाला पलीकडे सोडत नाहीत, गाडीत बसूनच जावं लागतं. त्यामुळे गाड्यांच्या रांगेशेजारी सीट मागणाऱ्यांची दुसरी रांग असते, आणि आमची पुढची सीट सगळ्यांच्या डोळ्यांवर आली. पलीकडची एक बुर्यात बाई काचेला चिकटूनच चालत होती. "अगं, रिकामीच तर आहे! मी काय जड आहे का?" (जड होती.) मी म्हटलं, सीट भरलेली आहे. ती म्हणाली, "कुणानं? भुतानं?" सांबू सगळा वेळ माझ्याकडे बघत होता. वर्गातल्या फळ्यावर स्वतःच लिहिलेलं गणित चुकल्यावर तो असाच बघतो.

आमचा नंबर आला. फाटकातल्या बाईंनी इतगेलचा पासपोर्ट उघडला. फोटोत गोरंपान बाळ, समोर काजळीनं माखलेला कोळसेवाला. "तोंड पुसा." मी म्हटलं, आजीनं लावलंय, पुसायचं नाही. त्या म्हणाल्या, माझीही आजी होती, अर्धं पुसा. अर्धं पुसलं. मग त्यांनी लंगोटांची पिशवी उघडली, आत हात घातला, आणि शिंकल्या.

पहिल्यांदा आम्ही म्हटलं, "देव रक्षण करो." त्या पुन्हा शिंकल्या. सांबू शिंकला. साहेब बघायला आले, वाकले आणि टोपी उडेल असे शिंकले. तपासणीचा कुत्रा होता, तो पिशवी हुंगून खाली बसला आणि पंजानं नाक चोळायला लागला. सगळ्या लंगोटांवर, दुधाच्या बाटलीवर, सांबूच्या नकाशावर तपकिरी पूड! साहेब डोळे पुसत म्हणाले, "बाई, हे काय नेताय?" तेवढ्यात इतगेल शिंकला. एकदा नाही, सटासट शिंकत सुटला, आणि दर शिंकेला मागच्या रांगेतली झाडून सगळी माणसं खिडक्यांतून डोकी काढून ओरडायला लागली, "देव रक्षण करो!" तोही लबाड, माणसं ओरडतात म्हणून खोट्या शिंका काढायला लागला.

लंगोटांच्या तळाशी इतगेलचा नमद्याचा बूट होता. बुटात वडीलधाऱ्यांना मानानं द्यायचं निळं रेशमी खदग, खदगात तुमची अकिकाची कुपी.

मला आधी आईचा राग आला, तिनंच ती चोरून ठेवली असणार. मग सांबूचा, कारण तो जवळ होता. कुपी अशी ठेवतात का? बूच नीट लावायला काय झालं होतं? सगळी तपकीर पोराच्या लंगोटात! साहेबांनी मात्र कुपी उजव्या हातात घेतली, हुंगली, परत दिली आणि म्हणाले, "तपकीर उंची आहे. म्हातारबुवा कुठायत?" मी म्हटलं, घरी. ते म्हणाले, "कुपी इथं नि ते घरी? बरे आहेत ना?" मी म्हटलं, बरे आहेत, फक्त हट्टी आहेत. "मग ठीक," ते म्हणाले. "पिशवी झटकून घ्या नि चला पुढे."

बाबा, फाटक उघडं होतं. शिक्का मारायचा बाकी होता. आणि मी सांबूला म्हटलं, रांगेतून बाहेर काढ गाडी.

"मागे फिरायचं?" त्याचा आवाज फाटला. "पंक्चर झालं तेव्हा नाही, आणि आता?"

"फिरायचं नाही. रिव्हर्स घे."

त्यानं घेतली. सगळी रांग हॉर्न वाजवत होती, बुर्यात बाई "वेडे झालेत!" म्हणून ओरडत होती, सांबू मान मोडून मागे बघत होता, आणि मी काचेतून समोर. आमच्या गाडीचं तोंड एक क्षणही दक्षिणेकडे झालेलं नाही. मागे फिरणं म्हणजे तोंड फिरवणं, आमचं तोंड उत्तरेलाच आहे. कुणी काहीही सांगो. रात्रीपुरते उतरलोय त्या खानावळीपुढंही गाडी तशीच उभी आहे, नाक सरहद्दीकडे करून.

लंगोट धुऊन वाळत घातलेत. उद्या सकाळी फाटक उघडलं की आम्ही पलीकडे जाणार, तुमच्या परवानगीवाचून, तुमच्या आशीर्वादावाचून आणि जादा चाकावाचून. आत्या पोराचं डोकं हुंगेल. तुम्ही एडक्याचे दात बघा.

तुमची (तुमच्याहून वीतभर जास्त हट्टी)
खालियुन

ता. क. आमचं चाक बाल्दानच्या ट्रकमधून पाठवून द्या. त्यावरून उठावं लागेल.

ता. क. २. चाक नुसतं पाठवू नका. बाल्दान लोकर भरून इकडेच परत येणार आहे, त्याच्या शेजारी एका माणसाची जागा आहे, मी विचारून ठेवलंय. तुमचा पासपोर्ट नारिंगी पेटीत फोटोंच्या खाली आहे. आईच्या गुडघ्यासाठी चीनमध्ये हूहहोटला गेलात तेव्हाचा, अजून चालतो. निळा देल घाला. आम्ही उद्या पलीकडे जाणार नाही. आधी म्हटलं ते तुम्हाला चिडवायला म्हटलं. पुढची सीट एर्देनेतहून निघाल्यापासून तुमची आहे, तिच्यापायी चाक घरी राहिलं, आता चाक आणि तुम्ही मिळून या. आम्हाला तुम्हाला न्यायला येता येत नाही, निघालेला माणूस मागे फिरत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. आणि कुपी माझ्या ताब्यात आहे. तुमच्या वतीनं मी ती आत्याला देणार नाही. ती हातातून हातात द्यायची वस्तू आहे, आणि तो हात माझा नाही. बिनतपकिरीचे किती दिवस काढता ते बघते. नाक दाबलं की तोंड उघडतं.

ता. क. ३. आत्ताच आईशी बोलले. (आई, हे वाचताना थांबू नकोस.) ती म्हणाली, तिनं कुपीला हात लावलेला नाही. तुम्ही कुपी हरवल्याचं सोंग करून तीन वेळा सगळा गेर उपसलात म्हणे. सांबूही शपथेवर सांगतो, त्यानं लावली नाही. मग मी खाटेवर बसले, कुपी हातात घेतली आणि त्या सायीच्या डब्याची आठवण झाली. बाबा, तुम्ही आयुष्यात एकही झाकण सैल लावलेलं नाही. फक्त हे लावलंत. मी शंभर मैल तुम्हाला शिव्या घालत आले, आणि तुम्ही मात्र पोराच्या बुटात बूच सैल करून ठेवलं होतंत.

मी ते घट्ट केलेलं नाही. तसंच ठेवलंय. लवकर या, रोज थोडी थोडी सांडतेय.